वेग खोक्यावर, वाट बायॉसमध्ये

ओव्हरक्लॉकिंगच्या मदरबोर्डात पहिली गोष्ट चिपसेट. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरचा गुणक वाढवण्याची मुभा झेड मालिकेतल्या बोर्डांनाच आहे; एच६१० बोर्डावर तोच प्रोसेसर बसतो, चालतो, फक्त जादा पैसे ज्यासाठी मोजले ते करत नाही. एएमडी जरा उदार. तिथे बी६५०लाही परवानगी मिळते, ए६२०ला मात्र नाही.

दुसरी गोष्ट व्हीआरएम. १२ व्होल्टचा दाब सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवून प्रोसेसरला देणारी ही यंत्रणा ओव्हरक्लॉकिंगमध्ये खूप तापते, म्हणून तिच्यावर धातूचा भरघोस हीटसिंक हवा. काही बोर्डांवर त्या जागी प्लास्टिकचे देखणे झाकण असते. त्यात दिवे लागतात. उष्णता मात्र जाते कुठे, हा प्रश्न विचारणाऱ्याने वरच्या किमतीचा बोर्ड घ्यावा, अशी अपेक्षा असते.

मेमरीचा प्रकार अधिक मजेदार. खोक्यावर ६००० छापलेली डीडीआर५ जोडी लावल्याबरोबर बहुधा ४८००नेच धावते. बायॉसमध्ये शिरून एक्सएमपी किंवा एक्स्पो ही मेमरीची तयार मांडणी चालू केल्यावरच छापील वेग मिळतो, आणि प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या लेखी तेही ओव्हरक्लॉकिंगच. बोर्डावर मेमरीच्या खाचा बहुधा चार. चारही भरल्या की वेग घसरतो, म्हणून जाणकार दोनच पट्ट्या लावतात.

राहिला विलंब; सीएल म्हणजे त्याचे घड्याळी ठोके. डीडीआर३-१६०० सीएल८, डीडीआर४-३२०० सीएल१६, डीडीआर५-६००० सीएल३०: तिघांचाही हिशेब १० नॅनोसेकंदांवरच येतो. बँडविड्थ वाढली हे खरे, किंमतही.