ओहोटीच्या वेळेचा माणूस

इकॉलॉजीत पीएच.डी. करणारा नाहूरकर बहुधा खाडीवर काम करतो. नाहूरच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबट्या आहे, आणि बिबट्यावाल्या संशोधकाला लग्नकार्यात खुर्ची मिळते. पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडून भांडुप पंपिंग स्टेशनच्या मागे गेले की चिखल लागतो. हा चिखलवाला.

ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरचा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. तेव्हापासून सोसायटीची समजूत अशी, की हा फ्लेमिंगो मोजतो. तो मोजतो त्यांच्या पायाखालच्या गाळातले किडे. मोठा फ्लेमिंगो हे किडे खातो, छोटा शेवाळावर भागवतो, हे तो समजावून सांगेपर्यंत समोरच्याने मोबाइलवर गुलाबी थवा काढलेला असतो.

त्याचा दिवस ओहोटी ठरवते. ती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटे उशिरा. सोमवारी पहाटे साडेपाचला बाहेर पडणारा हा प्राणी शुक्रवारी नऊच्या सुमाराला निघतो; वॉचमनला त्याची नोकरी कसली ते शेवटपर्यंत उमगत नाही. खरी पंचाईत पौर्णिमेची. घरचा सत्यनारायण तेव्हाच, आणि उधाणाची मोठी ओहोटीही तेव्हाच. प्रसादाला तो पोहोचतो, जिन्यावर पावले उमटवत.

काम असे: तिवरांपलीकडे गुडघाभर रुतून नळकांडे गाळात खुपसायचे, वर आलेला गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरेल ते फॉर्मालिनमध्ये टाकायचे. त्यात रोज बंगाल नावाचा रंग घातला की किडे गुलाबी होतात आणि काडीकचऱ्यातून चिमट्याने वेचता येतात. एकेका बरणीला दिवस जातो. प्रयोगशाळेत जागा संपली की बरण्या गॅलरीत येतात. रंग हुबेहूब कोकम सरबताचा, म्हणून आईने प्रत्येकीवर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी डकवलेली असते.

नियमाने पीएच.डी. किमान तीन वर्षांची, कमाल सहा. तिसऱ्या वर्षापर्यंत नातेवाईक ‘झालं का?’ विचारतात, पुढे वडिलांनाच बाजूला घेऊन विचारतात. फेलोशिप तोवर संपत आलेली असते, प्रबंधाचे दुसरे प्रकरण मात्र गाइडकडे ‘बघून ठेवतो’ या अवस्थेत असते.

पदवीनंतर पुष्कळदा पर्यावरण सल्लागाराकडे नोकरी लागते. खाडीवरून जाणाऱ्या एखाद्या पुलाच्या परिणामांचा अहवाल लिहायचा असतो. पगार बरा असतो. पाहणीची वेळ ऑफिस ठरवते, आणि नेमकी भरती असते.