बेडूक शेवटी आणावा: नवशिक्या पालकांसाठी मार्गदर्शिका

न्यू जर्सीतल्या नव्या घरात पाऊल ठेवतानाच तुम्ही मुलांना बजावलं होतं: कुत्रा नाही, मांजर नाही. बेडकाचं नाव घ्यायचं राहून गेलं. आता आठ वर्षांच्या चिरंजीवांना फायर-बेलीड टोड हवा आहे. मूळचा कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेचा हा जीव डबक्यांत आणि भातखाचरांत राहतो. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, पाठ हिरवी, पोट केशरी-लाल, त्यावर काळे ठिपके. ‘एवढासा तर आहे,’ असं मुलगा म्हणेल. पुढील पायऱ्या क्रमाने पार पाडाव्यात.

1. पेटी. दोन-तीन बेडकांना 10 गॅलनची, म्हणजे सुमारे 38 लिटरची काचेची पेटी पुरते. तुम्ही 20 गॅलनचीच घ्या. मोठ्या पेटीत पाणी लवकर खराब होत नाही. झाकण जाळीचं आणि घट्ट हवं. ओल्या काचेला पोट चिकटवून हा प्राणी वर चढतो, आणि सोफ्याखाली सापडतो तेव्हा वाळलेला असतो.

2. जमिनीची वाटणी. निम्मी जमीन, निम्मं पाणी. पाणी आठ-दहा सेंटिमीटर खोल ठेवा आणि बाहेर यायला उतार द्या. शोभेची बारीक खडी आवडली तरी घेऊ नका. भक्ष्यासोबत ती पोटात जाऊन आतड्यात अडकते. दगड बेडकाच्या डोक्यापेक्षा मोठे असावेत. जमिनीसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा उत्तम. कोकणातल्या काकांच्या परसात जो फुकट पडलेला असतो, तोच इथे विटेच्या आकारात, डॉलर मोजून मिळतो.

3. पाणी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणून पाण्यात जे असेल ते सगळं त्याच्या अंगात जातं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रभर बादली उघडी ठेवली की उडून जातो; पण बऱ्याच शहरांत क्लोरामाइन घालतात, ते असं जात नाही. ते काढायचं औषध आणा. फिल्टर मंद हवा, कारण डबक्यातल्या जीवाला धबधबा सोसत नाही. दर आठवड्याला थोडं पाणी बदला. हे काम मुलगा करेल असं ठरलं असेल, तर ते काम कोण करणार आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे.

4. हवामान. 18 ते 24 अंश सेल्सिअस. 28च्या वर गेलं की बेडकाच्या जिवावर बेततं. उन्हाळ्यात एसी बेडकाच्या सोयीने लावा. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींना शाल द्या.

5. शिष्टाचार. याच्या कातडीतून विष पाझरतं. पेटीत मासे किंवा दुसऱ्या जातीचे बेडूक ठेवू नका. उगाच हातात घेऊ नका. घेतलाच तर हात साबणाने धुवा, त्याआधी डोळे चोळू नका. घाबरला की तो पाठ कमानीसारखी वाकवून, हातपाय उचलून लाल रंग दाखवतो. ‘बघा, योगासन करतोय’ म्हणून व्हिडिओ काढू नका. तो तुम्हाला निघा म्हणतोय.

6. जेवण. याची जीभ बाहेर फेकली जात नाही. तो झेप घेऊन तोंडानेच भक्ष्य पकडतो, आणि भक्ष्य हललं तरच त्याला ते भक्ष्य वाटतं. म्हणजे घरात जिवंत रातकिडे आले. ते बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नसावेत. वाढण्याआधी एक दिवस त्यांना गाजर आणि पालेभाजी खाऊ घाला, मग कॅल्शियम आणि डी-3ची पूड लावा. गाजर विसरू नका: पोटाचा लाल रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडांवर चालतो, ती नसतील तर पोट पिवळट पडतं. अर्थात, बेडकासाठी रातकिडे आणि रातकिड्यांसाठी स्वयंपाक. जे रातकिडे वेळेत संपत नाहीत ते मोठे होतात, त्यांना पंख फुटतात आणि नर रात्रभर किर्र करतात. बेडूक मात्र हळूच, भुंकल्यासारखा ओरडतो. कुत्रा नको म्हणाला होतात ना?

7. निरोप. कंटाळा आला म्हणून याला तळ्यात सोडू नका, पेटीचं पाणी अंगणात किंवा नाल्यात ओतू नका. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरातल्या बेडकांचा फडशा पाडला आहे. 2018 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनाने तिचं मूळ पूर्व आशियात दाखवलं, कोरियातल्या याच जातीच्या बेडकांवरही तिचा एक वाण सापडला होता. पाळीव प्राण्यांच्या व्यापाराने ती देशोदेशी पोचली. तुमच्या पेटीपुरता तरी तिचा प्रवास थांबवा.

8. बेडूक. आता आणायला हरकत नाही. रानातून पकडलेला घेऊ नका, पैदास केलेला मागा. पैसे देण्याआधी एक बेरीज करा: हा प्राणी सहज 10 ते 15 वर्षं जगतो. मुलगा आठ वर्षांचा आहे. दहा वर्षांनी तो कॉलेजच्या वसतिगृहात असेल, आणि तिथे प्राणी पाळायला बहुधा बंदी असेल. म्हणून पेटीवर नाव त्याचं लिहा, पण बेडूक स्वतःला आवडेल असाच निवडा.