स्कूबा केलेले भाऊजी

आमचे भाऊजी कुठे फिरायला जात नाहीत. ते गावं करतात. काश्मीर केलं, केरळ केलं, दुबई तर दोनदा केली. आमची आजी अष्टविनायक करून आली होती, तेव्हा त्या ‘करण्या’त आठ ठिकाणचं दर्शन, आठ ठिकाणचे नवस आणि एसटीतली कंबरदुखी एवढं सगळं मावायचं. भाऊजींच्या ‘करण्या’त एवढंच असतं, की ते एकदाचं झालं आहे.

पवईत ही जमात भरपूर. लिफ्टमध्ये कोणी ‘कसे आहात’ विचारत नाही. ‘या लाँग वीकेंडला काय केलं?’ असं विचारतात. ‘घरीच होतो’ म्हटलं, तर समोरचा तब्येतीची चौकशी करतो.

ताई-भाऊजींचा फ्लॅट बाविसाव्या मजल्यावर आहे. बिल्डरच्या कागदावर तो ‘लेक व्ह्यू’. म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीतून मान डावीकडे काढली, की दोन टॉवरांच्या फटीतून चार बोटं तलाव दिसतो. या चार बोटांचे भाऊजींनी चौरस फुटामागे जादा पैसे मोजले आहेत, त्यामुळे पाहुण्यांना ते आधी न्हाणीघर दाखवतात. पवई तलाव 1891 साली बांधून झाला तो मुंबईला पाणी पाजायला. ते पाणी पुढे पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही. आज त्यात जलपर्णी आणि मगरी सुखाने नांदतात. तरी दर पावसाळ्यात ‘पवई तलाव भरला’ ही बातमी आली, की आमच्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. पाण्याचं कौतुक करायचं, पण पाण्यात पाय घालायचा नाही, हा इथला कुळाचार. भाऊजीही तो नेमाने पाळत. सोसायटीच्या साडेचार फुटी तलावातसुद्धा ते कठड्याला धरून चालायचे आणि त्याला ‘लॅप’ म्हणायचे.

मग नोव्हेंबरात लिफ्टमध्ये सतराव्या मजल्यावरचे काका म्हणाले, “तुम्ही अजून स्कूबा नाही केलं?”

पवईत माणसाला मारायला ‘अजून’ एवढा शब्द पुरतो. सतरा ते बावीस या पाच मजल्यांत भाऊजींचा चेहरा उतरला आणि रात्री मालवणचं ठरलं. नाताळची सुट्टी, तुतारी एक्स्प्रेस, कुडाळ, तारकर्लीत खोल्या. ताई, भाऊजी, अकरा वर्षांचा भाचा, आणि “मेव्हणेराव, तुम्ही पाहिजेच” म्हणून मी. मेव्हणा कशाला हवा असतो, ते सामान उतरवायची वेळ आली की कळतं.

त्यानंतरचे पाच आठवडे भाऊजी पाण्याखालीच होते. आंघोळीच्या बादलीत तोंड घालून ते श्वास रोखायचा सराव करत आणि ताई बाहेरून दर मिनिटाला “अहो, आहात ना?” म्हणून हाक मारी. त्यांच्या बोलण्यात नवे शब्द आले. साकीविहार रोडवर धूळ उडाली, की “आज व्हिजिबिलिटी नाही.” लिफ्ट सुरू झाली, की नाक चिमटीत धरून कान फुगवणं. “दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, मेव्हणेराव. कानाचा पडदा सांभाळावा लागतो.” ही माहिती खरी आहे. फक्त लिफ्ट वर चालली होती.

मालवणात पोचलो आणि पवईच काय, अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणं आमच्या आधी पोचलेलं दिसलं. धक्क्यावर टोकन मिळालं ते एकशे बारावं. भाऊजींनी सवयीने विचारलं, “प्रायोरिटी लाइन कुठली?” टोकन देणारा पोरगा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. शेवटी त्याने समुद्राकडे बोट केलं.

सव्वातीन तासांनी पोशाख मिळाले. ते ओले होते आणि त्यांत आधीच्या माणसाची ऊब शिल्लक होती. तोंडात धरायची नळी बादलीत बुचकळून पुढच्याला, पुढच्याची बुचकळून त्याच्या पुढच्याला, असा एकोपा चालला होता. घरी पाण्याच्या बाटलीला दुसऱ्याचा ओठ लागला तर ती फेकून देणारे भाऊजी त्या नळीकडे पाहून नुसतं म्हणाले, “प्रोटोकॉल असेल.”

मग फॉर्म आला. दमा, हृदयविकार, रक्तदाब या सगळ्यांपुढे भाऊजींनी ‘नाही’ लिहिलं आणि वजनापुढे लग्नातलं वजन लिहिलं. त्या हिशेबाने त्यांच्या कमरेला शिशाची वजनं बांधली. होडीतून उतरवलं, तर भाऊजी तरंगले. होडीवरच्या पोरग्याने खांद्यावर दाबलं, तरी तरंगले. चरबी पाण्यावर तरंगते, हे शास्त्र तिथे सगळ्या होड्यांच्या साक्षीने सिद्ध झालं. शेअर बाजारात तीन वेळा बुडालेला माणूस पाण्यात काही बुडेना. शेवटी पोरग्याने गुपचूप आणखी दोन शिशाचे ठोकळे लावले. समोर सिंधुदुर्ग किल्ला होता. महाराजांनी 1664 साली त्याचा पाया घातला आणि पायात शिसं ओतून तो भर समुद्रात उभा केला. साडेतीनशे वर्षांनी त्याच समुद्रात भाऊजींना स्थिर करायलाही शिसंच लागलं.

पाण्यात उतरण्याआधी होडीत पोरग्याने सगळ्यांना खुणा शिकवल्या होत्या. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हातानेच बोलायचं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, की ‘मी ठीक आहे’. पंजा हलवला, की काहीतरी गडबड आहे. आणि अंगठा वर केला, की ‘मला वर घ्या’. “श्वास तोंडान घेवचो, नाकान नाय,” त्याने दोनदा बजावलं. या वेळी भाऊजी किल्ला मागे येईल अशा बेताने स्वतःचा फोटो काढत होते.

आता हे लक्षात घ्यायला हवं, की भाऊजी सोसायटीच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपांचे ॲडमिन आहेत. पाणी येणार नाही, अंगठा. लिफ्ट बंद, अंगठा. कोणाच्या घरी नातू झाला, अंगठा. कोणाचे सासरे गेले, तिथेही एकदा चुकून अंगठा. त्यांचं निम्मं बोलणं अंगठ्यानेच चालतं.

ते दीड पुरुष खाली गेले असतील-नसतील, तोच पावाच्या वासाने मासे आले. हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या माशांना कोणी हात लावायचा नाही. पाव मात्र त्यांना रोज मिळत असावा, कारण ते गिऱ्हाइकाकडे न बघता थेट पोरग्याच्या मुठीकडे आले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसारखेच: लांबून दिमाखात येतात आणि आपण हात केला की वळून जातात. पण भाऊजी हरखले. आनंदाने त्यांनी अंगठा वर केला.

पोरग्याने त्यांना वर आणलं.

“काय झाला काका?”

“कुठे काय झालं? मस्त चाललंय की!”

पुन्हा खाली. पोरग्याने गोल करून विचारलं, ठीक आहे ना? भाऊजींनी झोकात अंगठा दाखवला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा वर आल्यावर भाऊजी चिडले. “अरे, तू मला सारखा वर का काढतोयस?”

“तुमीच तर सांगितल्यात, ‘वर चला’ म्हणान!”

“मी? मी ‘बेस्ट’ म्हणत होतो!”

“टायम संपलो काका,” पोरगा म्हणाला आणि पुढच्याची नळी बादलीत बुचकळायला लागला. सात मिनिटांत भाऊजी तीनदा वर आले होते. आमच्या सोसायटीची लिफ्टही इतकी तत्पर नाही.

माझी पाळी झाली. कैरीच्या पन्ह्यात तोंड घालून डोळे उघडल्यावर जे दिसेल, ते मला दिसलं. शेजारच्या चार होड्यांतल्या माणसांनी तळाची वाळू ढवळून ठेवली होती. एक दोर, दोन मासे, पुढच्या पर्यटकाचे तळवे आणि डाव्या पायाची एक रबरी चप्पल. वर आल्यावर पोरगा कानाशी म्हणाला, “नाताळात नको येव. मधल्या वाराक येवा, गर्दी नसताना. तेवा पाणी बगा.” त्या दिवसात मला भेटलेला तो एकटा खरं बोलणारा माणूस. हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, “मधल्या वारी रजा कोण देतो?”

संध्याकाळी प्रत्येकाला आपापला व्हिडिओ मिळाला. भाऊजींच्या व्हिडिओत संगीत होतं, ढीगभर मासे होते आणि मधोमध मुखवटा घातलेला एक माणूस शांतपणे त्यांना पाव भरवत होता. त्या माणसाच्या पोटाचा घेर भाऊजींच्या निम्मा होता. भाचा म्हणाला, “बाबा, हे तुम्ही नाही.” ताईने चष्मा लावून पाहिलं. “अहो, हा तर डावखुरा आहे.”

भाऊजींनी व्हिडिओ तीनदा पाहिला. मग अत्यंत शांतपणे म्हणाले, “पाण्यात प्रकाश वाकतो. सगळं वेगळं दिसतं.”

प्रकाश वाकतो, हेही खरंच. पाण्याखाली मुखवट्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. पवईला परतल्यावर ती तिप्पट झाली. तीन मीटरचे दहा मीटर झाले. दोन माशांचा थवा झाला आणि चपलेचं, “तळाशी काहीतरी जुनं होतं, किल्ल्याच्या काळातलं असावं.” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिळगूळ घेऊन आल्या, तर भाऊजींनी टीव्हीवर व्हिडिओ लावून ठेवलेला. शेवटी म्हणाले, “आता पुढचं आंग्रिया बँक. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात प्रवाळांचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे त्याला.” तेराव्या मजल्यावरच्या आजींनी एवढंच विचारलं, “सहकारी आहे का? व्याज काय देतात?”

मी कोपऱ्यात चकली खात होतो. माझ्या मनात होतं, की आता म्हणावं: भाऊजी, पवई तलाव सुमारे बारा मीटर खोल आहे. आपण त्याच्या पावपट खोल जायला पाचशे किलोमीटर गेलो आणि चप्पल पाहून आलो. तेवढ्यात एका काकूंनी मला विचारलं, “तुम्हीही केलंत ना? कसं आहे हो?”

तीन तासांची रांग माझ्या डोळ्यांपुढून गेली. पैसेही गेले. आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आलं, “एकदा करायलाच पाहिजे.”

तेव्हा मला मालवणच्या गर्दीचा उगम सापडला. जे खूश होऊन येतात, ते गप्प आठवणीत रमतात. जे फसून येतात, ते मात्र प्रचाराला लागतात. एकट्याने मूर्ख ठरण्यापेक्षा सोसायटीने ठरलेलं बरं. सतराव्या मजल्यावरच्या काकांनी नोव्हेंबरात भाऊजींना विचारलं, त्या ‘अजून’चा अर्थ मला जानेवारीत लागला. त्यांनाही चप्पलच दिसली असणार.

प्रजासत्ताक दिनाला जोडून आमच्या इमारतीतली आठ कुटुंबं मालवणला गेली. चौथ्या दिवशी सकाळी परतली. तळमजल्यावर लिफ्टपाशी सगळे बॅगांसकट उभे होते. अंग काळवंडलेलं, हातात खाज्याच्या पिशव्या आणि तोंडाला कुलूप. भाऊजींनी उत्साहाने विचारलं, “काय मग? कसं झालं?”

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग आठही घरांचे अंगठे एकदम वर गेले.

मला आता ती भाषा येते. मी पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबलं आणि एकेकाला वर घेतलं.