विकेंद्रित सभेचे केंद्रीय नियम

क्रिप्टो आणि विकेंद्रित तंत्रज्ञानाची नवख्यांना ओळख करून देण्यासाठी आपल्या भागात सभा भरवू इच्छिणाऱ्या उत्साही आयोजकांसाठी पुढील सूचना आहेत. त्या काटेकोरपणे पाळाव्यात. न पाळल्यास काहीही होणार नाही, कारण कारवाई करणारी मध्यवर्ती यंत्रणाच इथे नाही.

पहिला प्रश्न हॉलचा. हॉलला चावी असते आणि चावी एकाच माणसाकडे असते. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत हा माणूस म्हणजे सेक्रेटरी. त्याला लिहिलेल्या अर्जात 'क्रिप्टो' हा शब्द घालू नये. घातलात तर तो एकतर हॉल नाकारील, नाहीतर 'कोणतं घेऊ?' असं विचारील, आणि दुसरा प्रकार जास्त दिवस पुरतो. 'संगणकविषयक माहितीपर कार्यक्रम' एवढं लिहिलं की पुरे. जगातल्या यच्चयावत मध्यस्थांना घरी बसवण्याची चळवळ सुरू करण्यापूर्वी या एका मध्यस्थाला चहा पाजावा लागतो, याचं वैषम्य वाटून घेऊ नये.

खुर्च्या 'सगळे मिळून' लावू असं ठरवू नये. सगळे मिळून लावायच्या खुर्च्या कोणीच लावत नाही. सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइन घडवणाऱ्या अज्ञात व्यक्तीला (किंवा मंडळींना) हा मनुष्यस्वभाव पक्का ठाऊक होता. म्हणूनच बिटकॉइनमध्ये व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, हिशेबाच्या सामायिक वहीला जोडणाऱ्याला बक्षीस आहे. सुरुवातीला ते 50 बिटकॉइन होतं, मग साधारण दर चार वर्षांनी निम्मं होत गेलं आणि एप्रिल 2024 पासून 3.125 वर आलं आहे. आपण खुर्च्या लावणाऱ्यास दोन वडापाव जाहीर करावेत. चार वर्षांनी एक करावा.

श्रोते येतील. कॉलेजातली मुलं मागे बसतील, कारण तिथे चार्जिंगचा प्लग असतो. पहिल्या रांगेत राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले एक काका बसतील. त्यांना घाबरू नये. 'पण याच्यामागे आहे कोण?' हा सभेतला सर्वांत चांगला प्रश्न तेच विचारणार आहेत. 'कोणीच नाही, हेच तर वैशिष्ट्य!' असं विजयी मुद्रेने सांगू नये. ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्याची सही तपासून स्वतःची सही ठोकली, त्याला हे वैशिष्ट्य वाटत नाही, पळवाट वाटते. त्यांना यंत्रणा समजावून सांगावी. त्यासाठी सोसायटीच्या वार्षिक सभेचं उदाहरण सोयीचं पडतं.

समजा, सभेचं इतिवृत्त सेक्रेटरीच्या कपाटात न राहता चाळीसही सभासदांच्या घरी एकेक प्रत आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाच्या मजकुरातून काढलेला एक ठसा आहे. आता कोणी रात्रीतून तिसऱ्या पानावरचा पार्किंगचा ठराव बदलला, तर त्या पानाचा ठसा बदलतो. मग चौथ्यावरचा जुळत नाही, पाचव्यावरचा जुळत नाही, आणि उरलेल्या एकोणचाळीस घरांत मूळ ठराव जसाच्या तसा असतोच. नवं पान कोणी लिहायचं? बिटकॉइनमध्ये जो संगणक एक कंटाळवाणं, वीजखाऊ कोडं आधी सोडवील त्याने. इथेरियम या दुसऱ्या जाळ्यात सप्टेंबर 2022 पासून, किमान 32 ईथर, म्हणजे तिथली नाणी, अनामत ठेवणाऱ्यांतून ज्याची सोडत लागेल त्याने. लबाडी केली तर अनामतीला कात्री लागते. काका इथे मान डोलावतील, अनामत त्यांना समजते. सेक्रेटरी हॉलमध्ये असल्यास पार्किंगऐवजी पाण्याच्या टाकीचा ठराव घ्यावा.

'म्हणजे वही कधीच बदलता येत नाही?' असं मागून एखादा मुलगा विचारील. खरं सांगावं. 2016 साली 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीच्या प्रोग्रॅममधली फट शोधून एकाने लाखो ईथर बाहेर ओढले. तेव्हा इथेरियमच्या बहुसंख्य मंडळींनी चक्क वही फिरवून ते परत आणले. ज्यांना हे पटलं नाही ते जुनीच वही चालवत राहिले आणि ती आजही इथेरियम क्लासिक या नावाने चालू आहे. थोडक्यात, भांडण झालं की दुसरी सोसायटी नोंदवायची सोय आहे. हे ऐकून सभेला पहिल्यांदाच आपलेपणा वाटतो.

यानंतर प्रात्यक्षिक. इथे आयोजकाने सगळा अभिनय सोडून मनापासून गंभीर व्हावं. खऱ्या पैशाचं प्रात्यक्षिक करू नये. इथेरियमचं सेपोलिया नावाचं चाचणीचं जाळं आहे. त्यातली नाणी शून्य किमतीची असतात आणि 'फॉसेट' म्हणवणाऱ्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. प्रत्येकाने वॉलेट, म्हणजे नाण्यांचं डिजिटल पाकीट, उघडावं, शेजारच्याला दोन खोटी नाणी पाठवावीत, शेजारच्याने परत पाठवावीत. त्यातलं एक नाणं चुकीच्या पत्त्यावर जाईलच. ते कोणाचं जाईल हे आधी ठरवता येत नाही, पण जायला हवं. एखाद्या बाई विचारतील, 'आता हे परत कसं मिळवायचं? कस्टमर केअरचा नंबर?' नंबर नाही, असं सांगून दोन मिनिटं गप्प बसावं. तासाभराच्या भाषणाने जे होत नाही ते या दोन मिनिटांत होतं.

वॉलेट उघडताना पडद्यावर बारा इंग्रजी शब्द येतात. ठरलेल्या 2,048 शब्दांच्या यादीतून ते निवडलेले असतात आणि हे बारा शब्द ज्याच्याकडे त्याचं वॉलेट. यादी जपानी, कोरियन, स्पॅनिश, अगदी चेक भाषेतही आहे. मराठीत नाही. हे कळताच अभिजात दर्जाचा विषय निघून निषेधाचा ठराव येईल. तो एकमताने मंजूर करून पुढे जावं. शब्द कागदावर लिहायला सांगावेत. तेवढ्यात निम्मी सभा मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेत असेल आणि तो फोटो आपोआप कोणत्या तरी कंपनीच्या ढगात जाऊन बसलेला असेल. एक गृहस्थ ते शब्द हरवू नयेत म्हणून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतील आणि त्याखाली आत्या हात जोडल्याचं चिन्ह टाकेल. वॉलेट रिकामं असल्याने बिघडत काही नाही. खोटी नाणी वापरायची ती याचसाठी.

ज्यांना हे शब्द सांभाळायची जबाबदारी नको असते ते नाणी एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री चालवणाऱ्या कंपनीकडे, ठेवतात. आपणही बँकेत पैसे ठेवतोच की, हा त्यांचा युक्तिवाद वाईट नाही. फक्त जुलै 2024 मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची उरलेली नाणी कितीतरी महिने अडकून पडली, हेही सांगावं. चोरी झाली त्या वॉलेटला एक नव्हे, अनेक सह्या लागत होत्या.

आता दाराजवळ उभ्या असलेल्या ब्लेझरवाल्या गृहस्थांकडे वळू. प्रत्येक सभेला एक येतोच. तो भाषण ऐकत नाही, माणसं मोजतो, आणि चहाच्या वेळी काकांच्या खांद्यावर हात ठेवून 'महिना दहा टक्के, फिक्स' असं हळूच म्हणतो. त्याच्यासाठी वेगळा बंदोबस्त नको. त्याला आदराने व्यासपीठावर बोलवावं आणि 'गेनबिटकॉइन' या एका विषयावर बोलायची विनंती करावी. त्या योजनेने बिटकॉइनवर महिना दहा टक्के, अठरा महिने, असं वचन दिलं होतं. वर माणसं जोडण्याची साखळी होती. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी स्वतःच छापलेल्या एमकॅप नावाच्या टोकनमध्ये देऊ लागले. पुणे पोलिसांनी 2018 मध्ये सूत्रधाराला पकडलं. तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच 2022 मध्ये आरोपींच्या वॉलेटमधली नाणी वळवल्याच्या आरोपावरून त्याच पोलिसांनी अटक केली. गृहस्थ या विषयावर बहुधा बोलणार नाहीत. त्यांना महत्त्वाचा फोन येईल.

कायद्याचा भाग थोडक्यात उरकावा, कारण तोवर वडापाव आलेले असतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या धंद्याशी संबंध तोडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये तो आदेश रद्द केला. बाळगायला बंदी नाही, पण हे कायदेशीर चलनही नाही. नफ्यावर 30 टक्के कर, वर उपकर, आणि ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हे वाक्य दोनदा म्हणावं. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही.

'कोणतं घेऊ?' या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. समाजमाध्यमांवरचे सल्लागार दुबईत राहतात, त्यांना ते परवडतं. तुम्ही त्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहता. सभेतून काहीही विकत न घेता दहा जण घरी गेले, तर सभा उत्तम झाली असं समजावं, आणि पंधरा गेले तर आणखी उत्तम. काका जाताना 'यात पैसे टाकणार नाही, पण वहीची कल्पना झकास आहे' असं म्हणाले, तर त्यांना पुढच्या सभेचे वक्ते नेमावं. ते कोणाला काही विकणार नाहीत आणि हिशेब जुळल्याशिवाय कोणाला उठूही देणार नाहीत.

पुढची सभा कधी? बिटकॉइनच्या पंचांगात तीन मुहूर्त आहेत. पहिला ब्लॉक तयार झाला तो दिवस 3 जानेवारी. एका अमेरिकी माणसाने 2010 मध्ये दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे मिळवले तो दिवस 22 मे. आणि सातोशीचा बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध झाला तो दिवस 31 ऑक्टोबर, साल 2008. मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी असते, शिवाय पिझ्झ्याचं नाव काढलं की फक्त पिझ्झ्यासाठी माणसं येतात. ऑक्टोबरअखेरीस दिवाळीच्या आसपास हॉल फराळाच्या स्टॉलला गेलेला असतो. जानेवारी बरा. तोवर सगळ्यांना तो निबंध वाचायला द्यावा, फक्त नऊ पानांचा आहे, त्यात भावाविषयी एक अक्षर नाही आणि दहा टक्क्यांचा तर उल्लेखही नाही. वाचून किती जण येतात ते पाहून खुर्च्या सांगाव्यात. चहाचे पैसे तेवढे यूपीआयने आजच गोळा करावेत, नंतर कोणी देत नाही.