मर्यादेच्या आतली मचमच

डीजेविरुद्ध तक्रार करायला आपल्याकडे नियम आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाज दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलच्या वर जाता कामा नये. जातो, ही गोष्ट वेगळी. पण बशीतल्या चहाचा फुरका, उघड्या तोंडाने चाललेला चिवडा, खिशात रुमाल असूनही सतत वर ओढलं जाणारं नाक, मीटिंगभर टकटकणारं बॉलपेन, यांची तक्रार कुठल्या चौकीत नोंदवायची? हे सगळे मर्यादेच्या आतच वाजतात.

काही जणांच्या डोक्यात या आवाजांनी तिडीक जाते. छाती धडधडते, समोरच्याला बदडावंसं वाटतं आणि मग तसं वाटल्याची लाजही वाटते. अशा माणसाला आपण फुकटचं औषध देतो: 'लक्ष नको देऊस.' दमेकऱ्याला 'नीट श्वास घे की' म्हणण्यातलाच हा प्रकार.

या त्रासाला 'मिसोफोनिया' हे नाव मिळालं 2001 मध्ये, मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या संशोधक दांपत्याकडून. पुढे 2017 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये निजवून आवाज ऐकवले. तान्ह्या मुलाचं रडणं, किंकाळी वगैरे त्यांनी इतरांसारखंच सोसलं. मचमच लागली मात्र, आणि नाडी वाढली. मेंदूतला इन्शुला हा भाग खवळला. कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवण्यात याच भागाचा मोठा हात असतो. थोडक्यात, 'लक्ष नको देऊस' हे नेमकं त्यांना न जमणारंच काम आपण त्यांना सांगतो. त्याच संशोधकांना 2021 मध्ये दिसलं, की या लोकांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग तोंड-जबडा हलवणाऱ्या भागाशी जास्तच जोडलेला असतो. चावतो दुसरा, जबडा शिवशिवतो यांचा.

त्यातही अनेकांना सर्वाधिक टोचतात ते घरच्यांचेच आवाज. आता सासऱ्यांचं भुरकणं सुनेने कुठल्या तोंडाने सांगावं? सांगितलंच, तर 'आता आमचं खाणंही खुपायला लागलं का?' हे तयारच. हा त्रास बहुधा शाळकरी वयात सुरू होतो. पोरगी ताट उचलून खोलीत जाते आणि आपण मोबाइलला शिव्या घालतो. कदाचित तिला तुमचा सहवास हवा असेल, फक्त तुमचा जबडा नको असेल.

तेव्हा ती खोलीत गेली तर जाऊ द्या. जेवताना टीव्ही लावला तर चिडू नका, त्या आवाजात तुमची मचमच बुडते. 'नखरे' हा शब्द काही दिवस गिळून टाका. आणि घास तोंड मिटून चावा. चव कमी होत नाही.