बिचाऱ्या श्रीमंतांना छळू नका

इंग्लंडातल्या धनाढ्य फुटबॉल क्लबांनी खालच्या विभागांतल्या कंगाल क्लबांना पैसे द्यावेत की नाही, हा वाद तिकडे अधूनमधून उकरून काढला जातो. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. आम्ही श्रीमंतांच्या बाजूचे. गरिबांची बाजू घेणारे पुष्कळ असतात आणि त्यांना कुणी चहाही विचारत नाही.

आधी श्रीमंतांची ओढाताण समजून घ्या. २०२५ च्या एका उन्हाळ्यात प्रीमियर लीगच्या वीस क्लबांना खेळाडूंच्या खरेदीवर मिळून तीनशे कोटी पाउंडांहून जास्त रक्कम घालवावी लागली. एकट्या अलेक्झांडर इसाकसाठी लिव्हरपूलला साडेबारा कोटी पाउंड मोजावे लागले. अशा हातावर पोट असलेल्यांनी दानधर्म करायचा तरी कशातून? पण मन मोठं म्हणतात ते असं. डिसेंबर २०२० मध्ये, कोविडमुळे मैदानं ओस पडलेली असताना, प्रीमियर लीगने लीग वन आणि लीग टू या तिसऱ्या-चौथ्या विभागांतल्या अठ्ठेचाळीस क्लबांसाठी तब्बल पाच कोटी पाउंड काढून दिले. आजच्या भावाने त्यात इसाकचा एक पायही येत नाही, पण दानाचं मोल असं पायांत मोजू नये.

आता बरी नावाच्या क्लबाची गोष्ट बघा. मँचेस्टरच्या उत्तरेला अगदी लागून असलेलं हे गाव. क्लब १८८५ सालचा. १९०३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बरीने डर्बी काउंटीला ६-० असं लोळवलं होतं. एवढ्या फरकाने अंतिम सामना जिंकणं पुढची ११६ वर्षं कुणाला जमलं नाही. मे २०१९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० हरवून त्या विक्रमाची बरोबरी केली आणि सगळीकडे बरीचं नाव पुन्हा एकदा छापून आलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २७ ऑगस्टला, त्याच बरीला पैशांअभावी फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आलं. विक्रम शाबूत आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

त्या दिवशी सकाळी बरीचे चाहते झाडू आणि बादल्या घेऊन गिग लेन मैदान धुवायला जमले होते. क्लबाला नवा मालक मिळतोय, सामने सुरू होणार, अशी आशा होती. त्याच्या काही दिवस आधी एका माजी संचालिकेने मैदानाबाहेरच्या पाण्याच्या पाइपाला स्वतःला हातकडी लावून घेतली होती. इतकं करूनही रात्री निकाल लागायचा तो लागला. क्लबाच्या मालकाने आदल्या डिसेंबरात हा क्लब एका पाउंडाला घेतला होता. बरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेही आपल्याला त्याआधी ठाऊक नव्हतं, असं त्यानेच रेडिओवर सांगून टाकलं. एका पाउंडात आणखी किती माहिती मिळणार?

इथे श्रीमंतांचे वकील उठून म्हणतात, बघा, असल्या मालकांच्या हाती आम्ही पैसे द्यायचे? मुद्दा बरोबर आहे. वरच्या विभागात चढायच्या हव्यासापायी ऐपतीबाहेरचे पगार देणारे छोटे क्लब इंग्लंडात पैशाला पासरी मिळतील. बरीही त्यातलाच. पण मग पॅरशूट पेमेंट नावाची जी सोय आहे, तिचं काय करायचं? प्रीमियर लीगमधून खाली घसरलेल्या क्लबाला पुढची काही वर्षं कोट्यवधी पाउंड मिळत राहतात, कारण बिचाऱ्याला मोठ्या पगारांची सवय लागलेली असते. वरून पडणाऱ्याच्या उधळपट्टीला सहानुभूती आणि खाली आधीपासून उभ्या असलेल्याच्या उधळपट्टीला प्रवचन. शिवाय तो पॅरशूट उतरतो तो खालच्याच्या डोक्यावर.

मदतीचा सगळ्यात दिलदार प्रस्ताव आला तो ऑक्टोबर २०२० मध्ये, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या पुढाकाराने. खालच्या विभागांना ताबडतोब पंचवीस कोटी पाउंड आणि पुढे टीव्हीच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा. मोबदला किरकोळ होता. प्रीमियर लीगचे क्लब वीसवरून अठरा करायचे, लीग कप गुंडाळायचा आणि मोठे निर्णय नऊ जुन्या क्लबांपैकी सहा जणांच्या मतावर सोडायचे. वाड्याची गळती आम्ही बंद करून देतो, तुम्ही फक्त सातबारा आमच्या नावावर करा, एवढंच. प्रस्ताव बारगळला. सहा महिन्यांत याच दोन क्लबांसह सहा इंग्लिश क्लब बड्या क्लबांपुरती वेगळी युरोपियन सुपर लीग काढायला निघाले आणि चाहते रस्त्यावर उतरताच दोन दिवसांत परतले. मार्च २०२४ मध्ये खालच्यांना सहा वर्षांत सुमारे नव्वद कोटी पाउंड देण्याचा विषय पुन्हा बैठकीत आला. श्रीमंतांनी आधी स्वतःच्या खर्चाचे नियम ठरवू, मग बघू, असं म्हणून उठणं पसंत केलं.

या वादात पुणेकरांना मात्र बोलायचा पूर्ण अधिकार आहे. इंग्लंडातले धनवान चर्चा करत होते तेव्हा पुण्याच्या कोंबड्या प्रत्यक्ष काम करत होत्या. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीज या पुण्याच्या कोंबडी-कंपनीने ब्लॅकबर्न रोव्हर्स २.३ कोटी पाउंडांना घेतला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब. तेव्हापासून त्याचा तोटा भरून काढायला पुण्याहून कोट्यवधी पाउंड गेले. मात्र मदत पुण्याची असल्याने सोबत सूचना आल्याच. महिन्याभरात मॅनेजरला नारळ, मग खेळाडूंनी ड्रेसिंग रूममध्ये बसून तंगड्या खाण्याची जाहिरात. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात संतापलेल्या चाहत्यांनी क्लबाचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ब्लॅकबर्न हरला आणि प्रीमियर लीगमधून गेला तो गेलाच. कोंबडीच्या कामगिरीवर समीक्षकांनी टीका केल्याचं ऐकिवात नाही. एकूणात, नुसते पैसे ओतून क्लब वर येत नाही, हा धडा ब्लॅकबर्नने पुण्याच्या खर्चाने गिरवला.

आता वेषांतर पुरे. आमचं खरं मत सांगतो. छोट्या क्लबांना भीक नकोच होती, त्यांचा हिस्सा होता. १९८३ पर्यंत लीगच्या सामन्यात तिकिटांच्या पैशांतला वाटा पाहुण्या संघाला मिळायचा. मोठ्यांनी तो बंद करून घेतला. दुसरा हिस्सा एफए कपच्या रिप्लेचा. सामना बरोबरीत सुटला की तो दुसऱ्याच्या मैदानावर पुन्हा खेळायचा आणि तिकिटांचे पैसे वाटून घ्यायचे. जानेवारी २००५ मध्ये पाचव्या पायरीवरचा, कर्जात बुडालेला, चाहत्यांनीच चालवायला घेतलेला एक्झिटर सिटी ओल्ड ट्रॅफर्डवर गेला आणि मँचेस्टर युनायटेडला ०-० असं रोखून परतला. रिप्लेत एक्झिटर ०-२ हरला, रोनाल्डो आणि रूनीने गोल केले. पण त्या दोन सामन्यांच्या कमाईवर क्लब तरला. युनायटेडने कुठलंही दान दिलं नव्हतं आणि एक्झिटरने कुणाचे आभारही मानायचे नव्हते. नव्वद मिनिटं धावून मिळवलेले पैसे होते ते.

२०२४-२५ च्या मोसमापासून पहिल्या फेरीपासून पुढचे सगळे रिप्ले रद्द झाले. मोठ्या क्लबांचे खेळाडू दमतात, त्यांचं वेळापत्रक भरगच्च आहे, हे कारण. त्याच मोठ्या क्लबांना उन्हाळ्यात सातासमुद्रापार मैत्रीपूर्ण सामने खेळायला मात्र दम लागत नाही. बदल्यात तळागाळातल्या फुटबॉलसाठी थोडे जादा पैसे द्यायचं ठरलं. म्हणजे ज्यावर हक्क होता ते काढून घेतलं आणि ज्यासाठी हात जोडावे लागतील ते दिलं.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. दोन्ही बाजूंचं जमलंच नाही तर पैशांच्या वाटपात निर्णय देण्याचा अधिकार त्याला आहे. त्याला आमची एकच विनंती. श्रीमंतांच्या खिशाला हात लावू नका, त्यांना फार दुखतं. फक्त रिप्ले परत आणा आणि पाहुण्या संघाचा तिकिटांतला वाटा पुन्हा सुरू करा.