आधी उभी, मग आडवी

लेकीचं नाव मतदार यादीत आलं, तेव्हा वाटलं, तिला चार गोष्टी शिकवाव्यात. मला वडिलांनी शिकवल्या होत्या. 1989 साल. त्याच वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलेलं, मी एकोणीसचा. म्हणजे तिकीट न काढता लॉटरी लागलेला. नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक. वडिलांनी वहीचा कागद फाडला आणि अर्धा तास माझ्याकडून घडी घालून घेतली. "आधी उभी, मग आडवी. उलट केलंस तर शिक्क्याची ओली शाई भलत्याच चिन्हावर उमटेल आणि मत बाद!" मत कुणाला द्यायचं, ते काही बोलले नाहीत. आमच्या घरात ते सांगावं लागत नसे.

उरलेलं शिक्षण कॉलेजच्या कँटीनमध्ये झालं. एका कटिंगवर आम्ही तासभर बोफोर्सवर भांडायचो. तोफ कुणीच पाहिलेली नव्हती. वर्ग प्रतिनिधीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांनी वडापाव चारले. मी दोघांचेही खाल्ले आणि मत तिसरीला दिलं, जिनं साधा चहाही पाजला नव्हता. कारण राजकीय नव्हतं.

पुढे हाणामाऱ्या वाढल्या आणि नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या या निवडणुका बंदच झाल्या. 2016च्या कायद्यात त्या परत आल्या म्हणे, पण लेकीच्या कॉलेजपर्यंत काही पोचल्या नाहीत. तिच्या वर्गाचा प्रतिनिधी सरांनीच नेमला, गुण बघून. म्हणजे वडापावाची रंगीत तालीम नाहीच, पहिलं मत थेट खासदाराला!

तर 2024च्या मे महिन्यात, मतदानाच्या आदल्या रात्री मी शिकवायला बसलो आणि लक्षात आलं, यंत्राला घडीच नसते. म्हटलं, "बटण दाबलंस की शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसते. सातच सेकंदं. नीट बघ."

"बाबा, कॉलेजात दाखवलंय आम्हाला." मग मोबाइलवरून मान वर न करता तिनं विचारलं, "उमेदवारांची शपथपत्रं वाचलीत? मालमत्ता, गुन्हे, सगळं असतं त्यात. आमच्या ग्रुपवर कालपासून तेच चाललंय."

पस्तीस वर्षं मत देतोय, शपथपत्र कधी उघडलं नव्हतं. "वरवर," मी म्हणालो.

सकाळी केंद्रावर डाव्या तर्जनीला शाई लावून घेतली, आत गेलो, बटण दाबलं. काचेमागे दिवा लागला. चष्मा घरी टीव्हीवर राहिला होता.

बाहेर लेक उभी होती. "दिसली ना चिठ्ठी?"

"हो तर. अगदी स्पष्ट."